कोलेस्टेरॉलची गोळी आणि अंगदुखी : दोष नेमका कोणाचा?

कुरुंदवाड हे आमचे आजोळ. नाना-नानी गेले, पण मोठी खाला अजून तिथेच असते. २०१९ साली रमजान ईद ५ जूनला झाली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी तिला भेटायला गेलो. शीरखुर्मा झाला, बोलणे झाले, अस्रची वेळ झाली. नमाज संपवून खाला उठू लागली तेव्हा आमचे लक्ष गेले. तिने एक हात जमिनीवर टेकला, दुसरा भिंतीला लावला आणि दोन वेळा प्रयत्न करून ती उभी राहिली. आम्ही पुढे झालो तर म्हणाली, "बसा, मला रोजचंच आहे हे. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं माझ्या मांड्यांची वाट लावली."

आदल्या हिवाळ्यात तिला मिरजेला नेले होते. छातीत दुखले, अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. आमच्या भागात हृदयाचे काही निघाले की मिरज हे ठरलेलेच. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथे मिशनचे इस्पितळ काढले, तेव्हापासून आजूबाजूच्या गावांची ही सवय आहे. घरी येताना गोळ्यांची पिशवी मिळाली. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, रक्तदाबाची एक आणि रात्रीची एक. रात्रीच्या गोळीचे नाव अटोरव्हास्टॅटिन. तीन-चार महिन्यांनी खालाच्या मांड्या आणि दंड भरून येऊ लागले. तिने एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "वयाचं आहे." मग कोणीतरी मोबाइलवर एक संदेश पाठवला, की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्नायू खातात. खालाचा निकाल त्या दिवशीच झाला.

असा निकाल अनेक घरांत लागलेला असतो. म्हणून या महिन्यात याच गोळीबद्दल सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले. ही गोळी दुखवते का? कधी दुखवते? आणि दुखत असेल तर घरात बसून ठरवायचे की आणखी कोणाला विचारायचे?

आधी गोळीविषयी थोडे. या औषधांच्या घराण्याला स्टॅटिन म्हणतात. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन ही त्यातली आपल्याकडची ओळखीची नावे. कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ बिर्याणी आणि बसुंदीतून येणारी चरबी, असा समज आहे. प्रत्यक्षात शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. म्हणून खाणे आवरले तरी काहींचे आकडे हलत नाहीत. स्टॅटिन यकृतातल्या या कारखान्याचा वेग कमी करते. मग यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त ओढून घेते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर थर चढणे मंदावते.

हे औषध सापडले ते बुरशीत. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये काम सुरू केले, सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्या, आणि १९७३ मध्ये तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्याला हवे ते मिळाले. तो तांदूळ क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातला होता. या घराण्यातले पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ते खरेच जीव वाचवते का, याचे ठोस उत्तर १९९४ मध्ये मिळाले. उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी भरले. आज अटोरव्हास्टॅटिन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रावर स्वस्तात मिळते.

आपल्यासाठी हा विषय जास्त जवळचा आहे, याचे कारण आपले वय. बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या जगात तेच वय ५९ च्या आसपास होते. ५३ म्हणजे घरात एखादी मुलगी लग्नाची आणि मुलगा कॉलेजात असण्याचे वय.

आता दुखण्याकडे येऊ.

स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात हे खरे आहे. औषधाच्या पाकिटातल्या कागदावर ते लिहिलेले असते आणि डॉक्टरही नाकारत नाहीत. प्रश्न आहे तो किती जणांना, हा. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एकोणीस अभ्यासांची एकत्रित तपासणी आली. त्यात सुमारे १ लाख २४ हजार माणसे होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली नकली गोळी. कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के. म्हणजे चाळिशी-पन्नाशीनंतर शंभरातल्या पंचवीस-तीस जणांना कुठे ना कुठे दुखतेच, गोळी असो वा नसो. औषधामुळे पडलेला फरक मुख्यतः पहिल्या वर्षात दिसला : हजार माणसांमागे साधारण अकरा. त्यानंतर फरक जवळजवळ उरला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तोही सांगायला हवा. अशा काही अभ्यासांत ज्यांना आधीच गोळी सोसत नव्हती, ती माणसे सुरुवातीलाच गळली होती. त्यामुळे दवाखान्यातले चित्र याहून थोडे वेगळे असू शकते. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी नेमकी अशीच माणसे घेतली. त्रास झाला म्हणून गोळी सोडलेली साठ माणसे. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या : चार खऱ्या गोळ्यांच्या, चार नकली, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी किती गुण, ते मोबाइलवर नोंदवायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी गुण ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत सुमारे १६, आणि नकली गोळीच्या महिन्यांत १५ च्या वर. म्हणजे दुखणे आले खरे, पण ते बव्हंशी गोळी घेतो आहोत या जाणिवेने आले.

हे वाचून कोणी घरातल्या म्हातारीला "तुझं मनाचं आहे" असे म्हणू नये. त्या साठ जणांना खोटे दुखले नव्हते. मनात धास्ती बसली की शरीर तिला खरी वेदना करून दाखवते. आणि हे सगळे समजावून सांगितल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

खालाची गोष्ट तिथेच अर्धी राहिली आहे. ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्याने २००५ चा पूर पाहिला होता, पण हा त्याहून मोठा निघाला. खालाच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा कागदपत्रे, थोडे कपडे आणि शिलाई मशीनचे डोके एवढेच निघाले. सगळे जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेले. १२ ऑगस्टची बकरी ईद त्यांनी दुसऱ्याच्या घरात केली. गोळ्यांची पिशवी पाण्यात गेली होती. खालूजान मेडिकलमध्ये गेले आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तेवढ्या घेऊन आले. स्टेंटनंतर त्या चुकवायच्या नाहीत हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. रात्रीची गोळी मात्र खालाने आणू दिली नाही. म्हणाली, "अल्लाहनेच सोडवलं म्हणायचं."

पहिला आठवडा तिला हलके वाटले. फोनवर तसे सांगितलेही. पुढे पंधरा दिवसांनी मांड्या पुन्हा तशाच. सप्टेंबर उजाडला, त्या वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले होते. कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसवण्याची जुनी रीत आहे, ती बघायला आम्ही मुलांना घेऊन गेलो. घराच्या भिंतींवर पुराची रेघ होती आणि खाला खाटेवर बसून नमाज पढत होती. गोळी बंद होऊन महिना उलटला होता. स्टॅटिनचे दुखणे साधारणपणे गोळी थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत उतरू लागते. तिचे उतरले नव्हते.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिचे सगळे ऐकले. गोळी बंद आहे म्हटल्यावर रागावले, पण विचारले तेही नीट : थकवा येतो का, थंडी जास्त वाजते का, बद्धकोष्ठ आहे का, केस गळतात का? खाला प्रत्येकाला हो म्हणत गेली. थायरॉइडची तपासणी झाली आणि टीएसएच बराच वाढलेला निघाला. थायरॉइड कमी पडले की स्नायू दुखतात, जड होतात. आणि त्यानेच कोलेस्टेरॉलही वाढते. एकाच आजाराने आकडाही वाढवला होता आणि मांड्याही दुखवल्या होत्या. थायरॉइड कमी असताना स्टॅटिन घेतले तर स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही जास्त असते. म्हणजे गोळी अगदीच निर्दोष होती असेही नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी सुरू झाली, काही आठवड्यांनी अटोरव्हास्टॅटिन लहान मात्रेत पुन्हा दिले आणि पुढे वाढवले.

"वयाचं आहे" म्हणणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांनी ही एक तपासणी सांगितली असती, तर सहा-सात महिने वाचले असते. आम्हाला त्याचे वाईट वाटते.

अशी लपलेली कारणे आणखीही आहेत. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या घरांत, विशेषतः बायकांत, फार असते. दिवसभर वावर घरात आणि बाहेर पडताना अंग झाकलेले, मग ऊन लागणार कधी? गच्चीवर किंवा परसात रोज थोडा वेळ हात-पाय उन्हात धरणे अवघड नाही, तपासणी करून डॉक्टर औषधही देतात. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरतात. मधुमेहात पायांना मुंग्या आणि जळजळ होते, ती नसांची असते. गुडघेदुखीवर नाव-गाव नसलेल्या पुड्या घेणाऱ्यांनी तर जपूनच असावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, आणि फार काळ पोटात गेलेले स्टिरॉइड मांड्यांचेच स्नायू दुबळे करते.

गोळीचे दुखणे ओळखायचे कसे? याचा पक्का निवाडा डॉक्टरच करतील, पण काही खुणा आपण घरी पाहू शकतो. ते सहसा दोन्ही बाजूंना सारखे असते : दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, दोन्ही खांदे. एकाच गुडघ्यात किंवा एकाच टाचेत दुखते ते बहुधा दुसरे काही. ते सांध्यात नसते, मांसात असते. गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होते. दहा वर्षे सुखाने घेतलेली गोळी अचानक अंगावर आली असे वाटले, तर मध्ये नवे काय घडले ते शोधावे. आणि नमाज पढणाऱ्याला तर दिवसातून पाच वेळा ही तपासणी आपोआप होते. सजद्यात जाताना गुडघ्यात कळ येते ती सांध्याची. पण सजद्यातून उभे राहताना दुखत फारसे नाही आणि तरी मांड्यांत जोरच नाही, हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, हे स्नायूंचे दुबळेपण आहे. ते नव्याने आले असेल तर डॉक्टरांना याच शब्दांत सांगावे. "अंग दुखतं" एवढ्यावर त्यांना काही कळत नाही. मग ते सीपीके नावाची रक्ताची तपासणी करतात. स्नायू झिजत असतील तर त्यात आकडा वाढलेला दिसतो.

आता दुसरी बाजू, कारण गोळी कधीकधी खरेच घात करते. खालाच्या गल्लीतले एक गृहस्थ, साठी उलटलेले, मधुमेही, मूत्रपिंडे थोडी अशक्त. त्यांची स्टॅटिनची मात्रा मोठी होती आणि अनेक वर्षे काही त्रास नव्हता. एका पावसाळ्यात खोकला धरला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणले, क्लॅरिथ्रोमायसिन. रात्रीची कोणती गोळी चालू आहे हे ना त्यांनी सांगितले, ना कोणी विचारले. आठवडाभरात पाय उचलेनात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. मुलाने वेळ न घालवता इस्पितळात नेले म्हणून निभावले. काही दिवस सलाइन, रोज रक्ताची तपासणी. मूत्रपिंडे सावरली, अल्हम्दुलिल्लाह.

क्लॅरिथ्रोमायसिन अटोरव्हास्टॅटिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही. गोळी एकच घेतली तरी रक्तात ती कितीतरी पटीने साठते. मग स्नायू विरघळल्यासारखे फुटतात आणि त्यातला गाळ मूत्रपिंडांत अडकतो. असे दहा हजारांत एखाद्यालाही क्वचित होते, पण होते. २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाची याच घराण्यातली एक गोळी अशाच मृत्यूंमुळे जगभर बाजारातून काढून घ्यावी लागली. आज मिळणाऱ्या गोळ्या त्याहून पुष्कळ सुरक्षित आहेत, पण सोबतीला काय घेतो ते पाहावेच लागते. एरिथ्रोमायसिन, गजकर्णासाठी सर्रास घेतले जाणारे इट्राकोनॅझोल, ट्रायग्लिसराइडसाठीचे जेमफायब्रोझिल, रक्तदाबासाठीची काही औषधे, हे सगळे डॉक्टरांच्या नजरेखालून जायला हवे. ग्रेपफ्रूट या फळाचाही असाच परिणाम होतो. आपल्याकडचा पपनस त्याच्याच जवळचा, म्हणून रोज खात असाल तर सांगा. आमच्या घरात आता सगळ्यांच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून तो मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवतो. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा दाखवतो.

रमजानबद्दल वाचक हमखास विचारतात. स्टॅटिन दिवसातून एकदाच घ्यायची असते, त्यामुळे रोजा आड येत नाही. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर, सोयीने पण रोज एकाच वेळी घ्याव्यात. सिमव्हास्टॅटिन रात्रीच बरे. रोज्यात पाणी कमी पडल्याने दुपारी लघवी गडद पिवळी होते, त्याने घाबरू नये. इफ्तारनंतर पाणी प्यायल्यावर ती निवळते. पाणी पिऊनही तपकिरीच राहिली आणि सोबत मांड्या ठणकत असतील, तर मात्र त्याच रात्री इस्पितळ गाठावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोजे धरण्याआधी शाबानमध्येच डॉक्टरांना भेटून घ्यावे.

दुसरी विचारणा कॅप्सूलची. हृदयरोग्यांना पुष्कळदा ॲस्पिरिन आणि अटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये देतात, आणि कॅप्सूलचे कवच बहुधा प्राण्यांच्या जिलेटिनचे असते. ज्यांना शंका वाटते त्यांनी मनातल्या मनात औषध बंद करू नये. दोन्ही औषधे साध्या गोळ्यांच्या रूपात वेगवेगळी मिळतात. डॉक्टरांना कारण सांगितले की ते चिठ्ठी बदलून देतात.

आणि समजा, तपासण्या झाल्या, थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व ठीक, सोबतचे औषध नाही, आणि गोळीच दोषी ठरली. मग? मात्रा कमी करता येते. याच घराण्यातली दुसरी गोळी सोसते का ते पाहता येते. रोसुव्हास्टॅटिन बराच काळ शरीरात टिकते, म्हणून काहींना डॉक्टर ती दिवसाआड देतात. एझेटिमाइब नावाची गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, तिची जोड देऊन स्टॅटिनची मात्रा उतरवता येते. बेम्पेडोइक ॲसिड हे नवे औषध यकृतातच जागे होते, स्नायूंत होत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे चौदा हजार लोकांवरच्या अभ्यासात त्याने हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे आघात १३ टक्क्यांनी कमी केले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आपल्याकडेही मिळते. स्टॅटिनने काहींची साखर किंचित वाढते, तीही डॉक्टरांशी बोलण्याची गोष्ट आहे.

प्रत्येकालाच ही गोळी लागते, असे मात्र नाही. कोणाला किती, हे त्याच्या धोक्यावर ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जे आकडे दिले त्यात साधारण धोक्याच्या माणसाचे एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोक्याच्या ७० च्या खाली आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांचे ५५ च्या खाली असावे असे सांगितले आहे. एखाद्या तिशीतल्या निरोगी मुलाचा आकडा थोडा वर आला, तर चालणे वाढवून, तंबाखू-गुटखा सोडवून आणि वनस्पती तुपातले तळण कमी करून आधी पाहता येते. खालासारखा स्टेंट बसलेल्या माणसाला ती सवड नसते. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की मोठ्या आघातांचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो. तिने पुरात सोडलेली गोळी ही होती.

यंदाच्या ईदला आम्ही पुन्हा कुरुंदवाडला गेलो होतो. खाला आता जमिनीवर बसून नमाज पढते. थंडीत पोटऱ्यांत गोळे येतात, तेवढे सांगते. एलडीएल ५८ आले आहे, डॉक्टरांना आणखी तीन कमी हवे आहेत आणि एझेटिमाइब जोडायचे की नाही यावर त्यांचे आणि खालूजानचे बोलणे चालू आहे. रात्रीची गोळी ती इशाच्या नमाजनंतर घेते. पाकीट मुसल्याच्या घडीजवळच ठेवलेले असते, आणि घेताना अजूनही एकदा त्याच्याकडे संशयाने बघते.